चर्चा: रोज बदलणारी लिनक्स जास्त भरवशाची की दोन वर्षं मुरवलेली?

घाटमाथा
गेली तीन वर्षं घरच्या लॅपटॉपवर ओपनसुसे टंबलवीड आहे, म्हणजे सतत बदलत राहणारी, रोलिंग म्हणतात तसली लिनक्स. रविवारी सकाळी चहा टाकला की झिपर डप (सगळी सिस्टिम अपडेट करायची कमांड) मारायचं, कधी दोनशे कधी हजारभर पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे, येतात, चहा होईस्तोवर काम उरकतं. मित्राचं म्हणणं असं की हे म्हणजे रोज नव्या खाणावळीत जेवणं, कधीतरी पोट बिघडणारच, त्यापेक्षा डेबियन स्टेबल ही सावकाश बदलणारी लिनक्स घे, दोन वर्षं मुरलेलं लोणचं. मला पटत नाही म्हणून हा धागा.

लोकांना वाटतं रोलिंग म्हणजे कोणीतरी सकाळी कोड लिहिला आणि दुपारी तो आपल्या मशिनवर. टंबलवीडमध्ये तसं नसतं हो. ग्लिबसी (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती लायब्ररी), जीसीसी (कंपायलर) असलं मुळातलं काही आलं की ते आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या कप्प्यात, जातं, या स्टेजिंगना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, एकमेकांशी बांधलेली पॅकेजेस एका अक्षरात टाकतात, तिथे ती गाभ्यातल्या बाकी पॅकेजेससोबत बिल्ड होतात आणि मग ओपनक्यूए नावाची यंत्रणा व्हर्च्युअल मशिनमध्ये सिस्टिम चक्क इन्स्टॉल करून बघते. की दाबते, पासवर्ड टाकते, डेस्कटॉप येतो का बघते, आणि पडद्याचा फोटो ठेवलेल्या नमुन्याशी ताडते. त्या नमुन्याला नीडल म्हणतात, गवताच्या गंजीतली सुई. अख्खा पडदा नाही जुळवत, आखून दिलेला चौकोन तेवढा, तोही वेगळं काही सांगितलं नसेल तर ९६ टक्के जुळला की पास. हे सगळं पार पडलं की पॅकेज फॅक्टरीत, म्हणजे टंबलवीड जिच्यातून बनते त्या मुख्य साठ्यात, मग पूर्ण स्नॅपशॉटची, म्हणजे त्या वेळच्या अख्ख्या संचाची, पुन्हा तपासणी. तिथे मोठं काही फसलं तर तो स्नॅपशॉट आपल्यापर्यंत येतच नाही, म्हणून तर कधी कधी दोन-चार दिवस शुकशुकाट असतो.

तर मुद्दा असा की मुरवणं ही टेस्ट नव्हे. बरणी फडताळात ठेवली म्हणजे लोणचं कोणी चाखलं असं होत नाही.

डेबियनकाका
बरणी फडताळात नसते रे बाबा, पंगतीत फिरत असते! डेबियनमध्ये पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, म्हणजे सिडमध्ये. तिथून टेस्टिंगमध्ये जायला तातडी बघून २, ५ किंवा १० दिवसांची वाट बघावी लागते आणि ब्रिटनी नावाचा प्रोग्रॅम ठरवतो सोडायचं की नाही. तेवढ्या दिवसांत कोणी गंभीर बग नोंदवला तर पॅकेज तिथेच अडकतं. आणि यंत्राच्या टेस्ट फक्त तुमच्याकडेच आहेत असं समजू नकोस, ऑटोपीकेजीटेस्ट नावाच्या आपोआप होणाऱ्या टेस्ट आमच्याकडेही चालतात, नुसत्या त्या पॅकेजच्या नाहीत तर त्याच्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या पॅकेजेसच्यासुद्धा, एखादं आधी चालणारं मोडलं की वाट बंद. फरक एवढाच की टेस्ट पास झाली म्हणून आम्ही लगेच ताट वाढत नाही. टेस्टिंगमधून स्टेबल व्हायच्या आधी काही महिने फ्रीझ असतो, नवं घेणं बंद आणि फक्त दुरुस्त्या, तो वेगळाच.

तुझं यंत्र शितावरून भाताची परीक्षा करतं. कुठलं शीत उचलायचं ते आधी कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं, तेवढंच ते उचलतं.

आचारी_की_आचार्य
काकांशी सहमत आणि स्वतःचा भोगलेला किस्सा सांगतो. मीपण रोलिंगवालाच. मागच्या गणपतीत मंडळाचा हिशेब टाइप करून पीडीएफ काढली आणि न बघता ग्रुपवर टाकली, त्याच्या आदल्या दिवशी अपडेट घेतलेलं, त्यात फॉन्टचं काहीतरी बदललं होतं. झालं काय, अर्धचंद्रासारखा ऱ्य असतो ना आपला, तो गायब, सगळीकडे रफार. "आचाऱ्यांना दिले ८०००" असं लिहिलेलं ते "आचार्यांना दिले ८०००" झालं. आता आमच्या मंडळात आचार्य कुठले, पण खजिनदार दोन दिवस विचारत होते की कुठल्या बुवांना एवढी दक्षिणा दिली. चेष्टा सोडा, पण ती अपडेट सगळ्या टेस्ट पास होऊनच आलेली असणार ना? डेस्कटॉप आला, ब्राउझर उघडला, सुई जुळली, हिरवा टिळा लागला. ऱ्य कोण बघतंय.

घाटमाथा
@आचारी किस्सा भारी आहे. पण हाच बग फ्रीझमध्ये कोणाच्या नजरेला पडला नसता तर स्टेबलमध्येही गेला असता, आणि मग तिथे दोन वर्षं आचाऱ्यांचे आचार्यच. आमच्याकडे बिघडलं तर ग्रबच्या, म्हणजे मशिन चालू होताना येणाऱ्या, मेनूतून कालचा बीटीआरएफएस स्नॅपशॉट (डिस्कवर जपून ठेवलेली सिस्टिमची कालची स्थिती) निवडायचा, बूट करायचं, स्नॅपर रोलबॅक म्हणायचं, पाच मिनिटांत काम होतं.

सर्व्हररूमताई
रोलबॅक लॅपटॉपवर छान आहे. माझ्याकडे चाळीसेक मशिनी आहेत आणि त्यावर लोकांची कामं चालू असतात, तिथे "कालचा स्नॅपशॉट" म्हणजे डेटाबेसने मधल्या वेळात जे लिहिलं त्याचं काय करायचं हा प्रश्न आधी येतो. पाच मिनिटं वगैरे कोणाला सांगता.

मला तुमचं दोघांचंही भांडण थोडं चुकीच्या जागी चाललंय असं वाटतं. टेस्ट आधी किती केली हा एक भाग, एकाच वेळी किती जणांच्या गळ्यात मारलं हा दुसरा, आणि तो जास्त महत्त्वाचा. उबंटू या लिनक्समध्ये अपडेट आधी प्रपोज्ड नावाच्या चाचणीच्या साठ्यात ठेवतात आणि नंतरही सगळ्यांना एकदम देत नाहीत, आधी थोड्या टक्के मशिनींना, क्रॅशचे रिपोर्ट वाढले तर तिथेच थांबवतात. एपीटी हा तिथला पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम हे उबंटू २१.०४ पासून पाळतो, म्हणून तर बरेचजण विचारत येतात की माझं पॅकेज "रोखून ठेवलंय" असं का दाखवतंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटचं काय झालं ते आठवा, तो विंडोजवरचा मामला होता, ओपन सोर्स नव्हे, पण धडा तोच. तपासणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल पास केली आणि मग ती टप्प्याटप्प्याने न सोडता एकदम सगळीकडे सोडली, ८५ लाख मशिनी निळ्या, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. टंबलवीडमध्ये असे टप्पे आहेत का? नाहीत. स्नॅपशॉट निघाला की ज्याने डप मारलं त्याला आला.

खिडकीबाहेर
एक्सझेड विसरले का सगळे? २९ मार्च २०२४.

डेबियनकाका
@खिडकीबाहेर मी त्याचीच वाट बघत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सझेड ही कॉम्प्रेशनची छोटीशी लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये एसएसएचमधून (दुसऱ्या मशिनवर दुरून लॉगिन करायची सोय) घुसता येईल असं मागचं दार कोणीतरी शिताफीने बसवलं होतं. टंबलवीडमध्ये ती ७ मार्चला पोचली आणि २८ ला मागे घेतली, म्हणजे तीन आठवडे. ओपनक्यूए हिरवंगार. डेबियन स्टेबलला धक्का लागला नाही, कारण? तिथे जुनं व्हर्जन. मुरलेलं लोणचं.

घाटमाथा
काका, अर्धंच सांगताय. ती डेबियन टेस्टिंगमध्येही पोचली होती, तुमच्या ब्रिटनीने आणि दिवसांच्या वाटेने अडवली नाही. सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर सिडवर काहीतरी मोजमाप करत होता, त्याला एसएसएचचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं, म्हणून खोदत गेला. सिडवर! म्हणजे स्टेबलवाले वाचले ते कोणीतरी ताजं खात होता म्हणून. उद्या सगळ्यांनीच ठरवलं की आपण दोन वर्षांनी घेऊ, तर चाखणार कोण? दोन वर्षांनी तेच मागचं दार सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी.

खिडकीबाहेर
आणि गंमत बघा, तो घातकी कोड लपवला कुठे होता तर टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींमध्ये. मुद्दाम बिघडवलेली नमुना फाइल म्हणून ठेवलेली, कोण उघडून बघणार. टेस्टच्या नावाने ठेवलेलं सामान कोणी टेस्ट करत नाही.

डेबियनकाका
घाटमाथा, हा मुद्दा मान्य. चाखणारा लागतो. पण चाखणाऱ्याने आपण चाखतोय हे माहीत असून चाखावं, तू मित्राला सांगतोस की हे सगळं तपासलेलं आहे, बिनधास्त खा. ते खोटं आहे. वरून तुझं ओपनक्यूए बहुतेक व्हर्च्युअल मशिनमध्ये चालतं, माझं जुनं वायफाय कार्ड त्यात कुठून येणार, बाहेरच्या रेपोतून (पॅकेजेसच्या साठ्यातून) घेतलेला ग्राफिक्स ड्रायव्हर कुठून येणार. आणि तुमच्याच लोकांना स्लोरोल का काढावं लागलं? टंबलवीडचंच सामान, पण मोठे बदल महिन्यातून एकदा. म्हणजे मुरवण्याला किंमत आहे हे तुमच्या घरातही कोणालातरी पटलंय.

घाटमाथा
स्लोरोलला मुरवणं नाही म्हणणार मी, फोडणीची पोळी म्हणेन फार तर. पण ड्रायव्हरचं बरोबर आहे. मागे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवा आला आणि त्या ड्रायव्हरचं मोड्यूल बिल्डच झालं नाही, रविवारचा चहा तसाच निवला. मित्राला "बिनधास्त" म्हणालो होतो तेवढा शब्द मागे घेतो. तरी लॅपटॉप बदलत नाही.

सर्व्हररूमताई
@आचारी तुम्ही तो ऱ्य चा बग नोंदवला होता का कुठे?

आचारी_की_आचार्य
नाही… दुसऱ्या अपडेटला आपोआप नीट झालं मग राहून गेलं.

सर्व्हररूमताई
वा. मग पुढच्या गणपतीत परत आचार्य.

घाटमाथा
@आचारी ओपनक्यूएच्या सुया आणि टेस्ट गिटहबवर उघड्या आहेत, कोणीही भर टाकू शकतं. एक मराठी ओळ टाइप करायची, तिचा फोटो, चौकोन आखायचा, झाली सुई. नव्या फॉन्टबरोबर ती दर वेळी मोडेल आणि कोणीतरी वैतागून विचारेल की ही कसली ओळ, पण मोडली की निदान कळेल तरी. करतोस का, मी मदत करतो.

आचारी_की_आचार्य
करू की. शनिवारी रात्री बसतो. ओळ कुठली ठेवू? ऱ्य यायला पाहिजे.

डेबियनकाका
"दऱ्याखोऱ्यांतून वाऱ्यावर" ठेव. एका ओळीत तीन येतात. आणि झाली की मलाही पाठव, आमच्याकडे चालवून बघतो.