मदत हवी आहे: बबल मेमरी सध्या कोणती कंपनी बनवते? (अर्जंट)

शिरोली_टर्निंग
जुन्या सीएनसी लेथची मेमरी गेली. मेकॅनिक म्हणतो बबल मेमरी आहे, आता मिळत नाही. पार्टीचा माल अडकलाय, रोज फोन येतात. कंपनीचं नाव आणि भारतातला डीलर कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा. "नवीन मशीन घ्या" हा सल्ला नको.

भोसरी_मेंटेनन्स
कंट्रोलर कुठला? अलार्म नंबर काय? आणि "गेली" म्हणजे काय? पॅरामीटर (मशीनची सेटिंग) उडाले, प्रोग्राम उडाले की स्क्रीनच येत नाही?

लॅपटॉप_डॉक्टर
लॅमिंग्टन रोडला सगळ्या कंपन्यांची रॅम मिळते. फक्त डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून घ्या.

भोसरी_मेंटेनन्स
अहो, ऐंशीच्या दशकातलं मशीन असणार ते. डीडीआर कुठून आणता!

शिरोली_टर्निंग
जपानी कंट्रोलर आहे, हिरवा स्क्रीन. चालू केलं की अलार्म. बॅटरी बदलली, फरक नाही.

ओसिलोस्कोप
बॅटरीचा बबलशी काही संबंध नाही. गार्नेट या स्फटिकाच्या पातळ थरात चुंबकीय बुडबुडे असतात, ते कायमस्वरूपी चुंबकाच्या जोरावर टिकतात. दोन कॉइल्स फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, त्यावर ते गोल लूपमध्ये पुढे सरकतात. वीज गेली तरी बुडबुडे जागच्या जागी. म्हणून तर कारखान्यातल्या मशीनमध्ये घालायचे, धूळ-धक्क्याला फ्लॉपीसारखं रडत नाही.

कंपन्यांचं विचारलंत म्हणून: शोध बेल लॅब्जमधला, अँड्र्यू बोबेक यांचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७७ मध्ये ९२ हजार बिटांची चिप बाजारात आणली, इंटेलने १९७९ मध्ये १० लाख बिटांची ७११०. मग साध्या चिप आणि हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या. १९८१ मध्ये टेक्सास, नॅशनल सेमीकंडक्टर आणि रॉकवेल, तिघांनीही बबलचं दुकान आवरलं. इंटेलने पुढे हा धंदा मेमटेकला विकला. जपानात फुजित्सू, हिताची जास्त टिकल्या, पण त्यांनाही थांबून जमाना झाला. थोडक्यात नवीन कोणी बनवत नाही, डीलर शोधत बसू नका.

स्पिन_अप
कोण म्हणतं चुंबकीय मेमरी बनत नाही? अमेरिकेत ॲरिझोनातली एव्हरस्पिन एमरॅम (चुंबकीय रॅम चिप) बनवते. फ्रीस्केलने २००६ मध्ये ४ मेगाबिटची चिप विकायला काढली, २००८ मध्ये त्यातूनच ही कंपनी वेगळी झाली. सॅमसंग, ग्लोबलफाउंड्रीज, टीएसएमसी तर आता चिपच्या आतच एमरॅम घालतात. बबल काढा, एमरॅम बसवा, विषय संपला.

ओसिलोस्कोप
विषय कसा संपला? बबल एकेक बिट ओळीने देते, त्याला स्वतःची कंट्रोलर चिप आणि कॉइल ड्रायव्हर लागतात. एमरॅम साध्या एसरॅम चिपसारखी, समांतर, म्हणजे अनेक बिट एकदम. पिना जुळणार नाहीत, व्होल्टेज जुळणार नाही. मध्ये अख्खं बोर्ड डिझाइन करावं लागेल, ते शिरोलीत कोण करून देणार?

स्पिन_अप
करणारे आहेत परदेशात, बबलच्या जागी बसणारे बोर्ड विकतात. तुम्हाला नवीन म्हटलं की विरोधच करायचा असतो.

कोअर_आणि_कथा
अवांतर: चुंबकीय मेमरीत आपणही मागे नव्हतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक कॉम्प्युटरला फेराइट कोअरची (बारीक चुंबकीय कड्यांची) मेमरी होती, ४० बिटांचे २०४८ शब्द. तिकडे अमेरिकेत कोअरच्या पेटंटवरून केवढी भांडणं! संशोधक अन वांग यांचं पेटंट आयबीएमने १९५६ मध्ये ५ लाख डॉलरला घेतलं आणि एमआयटीला १९६४ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर मोजले.

शिरोली_टर्निंग
सर, इतिहास नंतर. मशीन कसं चालू होईल ते सांगा.

भोसरी_मेंटेनन्स
मी विचारलेल्या अलार्म नंबरचं काय झालं? अजून एक, अलार्म फक्त सकाळी थंड मशीनला येतो की दुपारीही?

रेट्रो_गेमर
थंडीवरून आठवलं, कोनामीने १९८५ मध्ये बबल मेमरीवर आर्केड मशीन काढलं होतं. ते आधी गरम व्हायची वाट बघायचं, मग गेम सुरू!

शिरोली_टर्निंग
दुपारीही येतो. नंबर उद्या बघून टाकतो. मागच्या आठवड्यात एमएसईबीची लाइट चालू मशीनवर गेली होती, तेव्हापासून हे.

ओसिलोस्कोप
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! वीज अचानक गेली आणि कॉइल नीट थांबल्या नाहीत तर बुडबुडे जागा चुकतात. प्रत्येक चिपमध्ये काही लूप कारखान्यातूनच खराब असतात आणि त्यांचा नकाशा चिपमध्येच साठवलेला असतो. तो पुसला गेला की कंट्रोलरला काही वाचता येत नाही, पण चिप मेलेली नसते. इंटेलच्या ७११० वर तो नकाशा लेबलवर छापलेला असायचा. तुमच्या मॉड्यूलवर आकड्यांची पट्टी आहे का बघा. असेल तर मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे तो नकाशा परत भरता येतो. पट्टी पुसू नका, स्क्रू काढून आतले चुंबक हलवू नका. पण आधी ५ आणि १२ व्होल्ट मीटरवर मोजा.

भोसरी_मेंटेनन्स
+१. आणि पॅरामीटरची छापील यादी कंट्रोल पॅनेलच्या दारामागे प्लास्टिकच्या पिशवीत असते बहुतेक. ती नसेल तर नकाशा भरूनही मशीन हलणार नाही.

शिरोली_टर्निंग
दारामागे यादी आहे, शेवटची दोन पानं तेलाने काळी झालीत. मॉड्यूलवर आकड्यांची पट्टीपण आहे. मॅन्युअल नाही. कोणाकडे आहे का?

ओसिलोस्कोप
कंट्रोलरचं मॉडेल सांगा की आता तरी. व्यनि (खाजगी मेसेज) करा, मॅन्युअलचं स्कॅन शोधून पाठवतो.

गोकुळ_शिरगाव
चक किती इंची आहे? विकणार असाल तर मला सांगा.