धेंपो, साळगावकर आणि आपण : घसरण नेमकी कुठून सुरू झाली? आपापले अनुभव लिहा

डिचोलकर:
परवा भाचा सुट्टीत घरी आलेला. मी फुटबॉलच्या जुन्या मॅचचा विषय काढला तर म्हणतो मामा धेंपो म्हणजे पणजीचं कॉलेज ना? एफसी गोवाचा टीशर्ट अंगात, सगळ्या खेळाडूंची नावं तोंडपाठ, आणि गोव्याच्या धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकलीय हे त्याला कोणी सांगितलंच नाही. २००४-०५, ०६-०७, मग आय-लीग सुरू झाली तिचा पहिलाच मोसम ०७-०८, परत ०९-१० आणि ११-१२. पाचही कोच आर्मांदो कुलासोच्या हाताखाली. त्या रात्री झोपच लागेना, डोक्यात एकच, हे सगळं गेलं कुठे आणि कधी.

माझं मत सांगतो. २०१२ चा उन्हाळा. आपला स्ट्रायकर रँटी मार्टिन्स, त्याने त्या मोसमात ३२ गोल मारले होते, बत्तीस! लीग आपण जिंकली आणि लगेच रँटी कोलकात्याला प्रयाग युनायटेडकडे गेला. पेपरमध्ये बातमी वाचली तेव्हा बाबा म्हणाले आता ह्यांचं कठीण आहे. पुढच्या वर्षी आर्मांदोही गेले. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स, क्लिफर्ड, हा सगळा कणा तोवर तिशीत किंवा तिशीच्या तोंडावर आणि मागून त्या तोडीची पोरं तयार नव्हती. तिथून २०१५ ला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्यापर्यंत फक्त तीन वर्षं लागली.

तुमचा क्लब कुठला का असेना लिहा. फक्त गोव्याचंच पाहिजे असं नाही.

ईस्ट स्टँड:
रँटी गेला हे निमित्त. खरा घाव २०१४. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, तेच मडगावचं फातोर्डा स्टेडियम, तेच आपले खेळाडू, पण झिको कोच, लाइट, ढोल, तिकिटाला रांग. आणि एफसी गोवाचे मालक कोण, तर धेंपो, साळगावकर आणि व्हिडिओकॉनवाले धूत. म्हणजे घरातल्याच माणसांनी शेजारी नवीन घर बांधलं, मग जुन्या घराची कौलं कोण शाकारणार? ऑक्टोबर ते डिसेंबर लोकांनी पोटभर फुटबॉल बघितला आणि जानेवारीत आय-लीग सुरू झाली तेव्हा स्टँडमध्ये आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा. त्याच मोसमात धेंपो खाली गेले. हा योगायोग आहे असं मला कोणी सांगू नका

वास्कोची माया:
साळगावकरवाल्यांना पण बोलू द्या 🙂 गोव्याला पहिली नॅशनल लीग आम्ही आणली, १९९८-९९. नंतर २०१०-११ ला करीम बेंचरिफा कोच असताना परत. माझे पप्पा टिळक मैदानावर हिरवा रुमाल घेऊन जायचे, तो रुमाल आईने अजून कपाटात ठेवलाय इस्त्री करून. आम्ही तर या वेळी खाली घसरलो पण नाही, २०१६ ला सरळ बाहेरच पडलो. हरून खाली जाणं परवडलं, माणूस निदान परत वर यायची वाट तरी बघतो. कुकर लावलाय नंतर लिहिते

ट्रकवाला नाना:
खाण. सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने. तिथे संपलं सगळं. बाकी गोष्टी नंतरच्या.

तिसवाडीकर:
@नाना माफ करा पण हे हिशोबात बसत नाही. धेंपोंनी खाणीचा धंदा २००९ सालीच सेसा गोवा कंपनीला विकला, १७५० कोटींना. त्यानंतर क्लबने दोन लीग जिंकल्या आहेत, १० आणि १२. बंदीचा फटका त्यांच्या क्लबला कसा बसेल?

ट्रकवाला नाना:
अरे बाबा मी मालकाचं बोलत नाही, बघायला जाणाऱ्याचं बोलतोय. मी ट्रक चालवायचो खनिजाचा, डिचोली ते जेटी. शनिवारी खेपा लवकर उरकून आम्ही पोरं एका टेम्पोत बसून फातोर्ड्याला जायचो, डिझेल वाटून. कोणाचा गॅरेजवाला, कोणाचा टायर पंक्चरवाला, एक चहाच्या गाड्यावाला. सगळ्यांचं पोट खाणीवर. बंदी आली तसा ट्रक दारात उभा राहिला, बँकेचा हप्ता चालूच. टायर मातीत रुतले, टपावर कोंबड्या बसायच्या. मग कोण जाणार मडगावला मॅच बघायला? टेम्पोवाला दाबोळीला टॅक्सी चालवायला लागला, एकजण कतारला गेला. २०१८ ला परत लीज रद्द झाली तेव्हा उरलेले पण पांगले. धेंपोची टीम जिंकत होती की हरत होती हे त्या दोन वर्षांत मला खरंच ठाऊक नव्हतं. पूर्वी माझ्याकडे पेपर आला की आधी शेवटचं पान उघडायचो.

डिचोलकर:
नाना, हे मला माहीत होतं तरी असं कधी जोडून बघितलं नव्हतं. आमच्या वाड्यावरून जाणारी ती गाडी आठवते मला, मागे झेंडा लावलेला. हा क्लब मुळात आपल्या डिचोलीचाच ना, धेंपोंनी घ्यायच्या आधी डिचोलीच्या नावाने चालायचा असं आजोबा सांगायचे.

ट्रकवाला नाना:
हो. तुझे आजोबा म्हणजे बाजारातले का? उंच, टोपीवाले? त्यांना मी ओळखायचो

डिचोलकर:
तेच! नाना तुम्ही व्यनि (खाजगी निरोप) करा ना मला.

कूपरेजचा जुना:
मुंबईकर. महिंद्रा युनायटेड. आमच्याकडे वादच नाही, तारीख ठरलेली, २००९-१० चा मोसम संपला आणि कंपनीने टीम बंद केली. २००५-०६ ला फेडरेशन कप आणि नॅशनल लीग दोन्ही एकाच मोसमात जिंकलेली टीम आहे ही. कोच डेरिक परेरा, गोव्याचाच माणूस. युसिफ याकुबू, बॅरेटो, स्टीव्हन डायस. ऑफिस सुटलं की चर्चगेटला उतरून चालत कूपरेज, बाहेर भेळ, आत लाकडी बाकांवर बसायचं, पावसाळ्यात पँटला पट्टे उमटायचे. खाली घसरलो नाही, दिवाळं निघालं नाही, कोणी पळून गेलं नाही. एक दिवस पेपरात आलं की बंद. पुढच्या वर्षी पंजाबची जेसीटी पण अशीच गेली, पहिलीवहिली नॅशनल लीग जिंकलेली टीम.

तुमच्या खाण, आयएसएल, रँटी सगळ्याच्या मागे मला एकच दिसतं. क्लब मालकाचा होता, आपला नव्हता. आपण तो आपला समजत होतो.

बालेवाडी ब्लॉक सी:
+१ कूपरेज काका. पुणे एफसी. हेच डेरिक सर आमच्याकडे आले होते, २०१२-१३ ला आम्ही गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरे आलो, अकॅडमी देशात नावाजलेली. दोन-तीन वर्षांत सिनियर टीम गायब. अकॅडमी एफसी पुणे सिटीकडे गेली आणि २०१९ ला ते पण गुंडाळून हैदराबाद झालं. मधे भारत एफसी म्हणून एक टीम आली ती एकच मोसम टिकली. एवढं मोठं पुणं आणि तेव्हा मोठ्या लीगमध्ये एक टीम उरली नाही. मी आता बालेवाडीला फक्त पोराच्या स्विमिंगला जातो, स्टेडियमकडे बघवत नाही

रेड डेव्हिल सांगली:
मँचेस्टर युनायटेड. २०१३. फर्ग्युसन आणि डेव्हिड गिल एकाच वेळी गेले. विषय संपला.

निखिल_ठाणे:
संपला कसा, २००५ ला ग्लेझर्सनी क्लबच्याच माथी कर्ज मारून क्लब विकत घेतला तिथून सुरू होतो. फर्ग्युसनमुळे आठ वर्षं दिसलं नाही इतकंच. आणि २०२४-२५ ला पंधरावा नंबर, वर बिलबाओला टॉटनहॅमकडून फायनल हरलो. रात्री अडीचपर्यंत जागलो होतो मी, सकाळी सातची लोकल

रेड डेव्हिल सांगली:
तू पण ना भावा, जखमेवर मीठ. ये सांगलीला, भडंग खाऊ आणि रडू

वास्कोची माया:
अहो ते इंग्लंडचं दुसरीकडे काढा ना वेगळं, इथे आमचं राहू दे 😄
बरं लिहायचं राहिलं ते. तिसवाडीकर तुम्ही हिशोब मांडताय तर हे पण घ्या, फातोर्ड्याचं काम निघालं होतं लुसोफोनिया म्हणजे पोर्तुगीज भाषिक देशांच्या स्पर्धेसाठी (जानेवारी २०१४), तेव्हा सामने म्हापशाच्या दुलेरला नेले. वास्कोहून म्हापसा म्हणजे पणजीला उतरून दुसरी बस, संध्याकाळी परत येताना शेवटची गाडी मिळेल की नाही ही धास्ती. पप्पांचे गुडघे दुखायचे, त्यांनी तेव्हा जे सोडलं ते सोडलंच. असं प्रत्येक घरातून एक एक माणूस कमी होत गेलं. हे कुठल्या कोचमुळे नाही झालं.

ईस्ट स्टँड:
दुलेरला गर्दी व्हायची की. छोटं मैदान असल्याने भरल्यासारखं वाटायचं. बार्देशवाले खूश होते.

म्हापशेकर:
होतोच खूश. इतकी वर्षं आम्ही मडगावला यायचो तेव्हा कोणाला पूल दिसला नाही 😀

पेठेतला:
कोल्हापूरहून. आमच्याकडे घसरण वगैरे शब्दच नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसते आजसुद्धा. कारण तालीम पेठेची आहे, कोण्या साहेबाची नाही. वर्गणी काढायची, पोरगं गल्लीतलं, चुकलं तर त्याच्या आईला जाऊन सांगता येतं. कूपरेज काका म्हणतात ते बरोबर आहे, फरक मालकीचा आहे.

पण एक खंत आहे ती पण लिहितो. आमचं सगळं कोल्हापूरच्या वेशीपर्यंतच. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, त्याला त्यासाठी बाहेर पडावंच लागलं. धेंपोने आशियात एएफसी कपची सेमीफायनल गाठली २००८ ला, ते पेठेच्या वर्गणीत होत नाही. म्हणून कंपनीच्या क्लबला सरसकट नावं ठेवायला मन होत नाही.

तिसवाडीकर:
पेठेतला, शेवटचं वाक्य पटलं. धेंपोंनी चाळीस-पन्नास वर्षं खिशातून पैसे घातलेत, तिकिटातून तर चेंडूंचाही खर्च निघत नसेल. २०१६ ला फुटबॉल फेडरेशननेच आराखडा आणला की आयएसएल वर आणि आय-लीग तिच्या खाली. मग पैसे घालायचे कशासाठी? गंमत नाही सांगत, धेंपोने त्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर यायचा हक्क मिळवला होता. मिळवलेली जागा सोडली. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही बाहेर. माझ्यासाठी घसरण २०१५ ला नाही, २०१६ ला, आणि ती मैदानावर झालीच नाही. एकटे चर्चिल राहिले लीगमध्ये, त्यांनी २०२४-२५ ला पॉइंट टेबलवर पहिलं येऊन करंडक हातात घेतला आणि मग क्रीडा लवादाने तो इंटर काशी क्लबला दिला.

सईची आई:
मला फुटबॉलमधलं फार कळत नाही पण एक आठवण आहे. डिसेंबर २००४, आम्ही तेव्हा बंगलोरला राहायचो, मिस्टर गोव्याचे म्हणून फेडरेशन कप फायनलला घेऊन गेले होते. धेंपोचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर. दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो पडला. आधी सगळे गोल झाला म्हणून उड्या मारत होते, आमच्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा एकटाच बसून राहिला, म्हणाला उठत नाहीये. मग हळूहळू सगळे गप्प झाले. मिस्टरांनी त्यानंतर मैदानात जाऊन मॅच बघितली नाही, टीव्हीवर बघतात. घसरणीशी ह्याचा संबंध नसेल पण धेंपो म्हटलं की मला तेवढंच दिसतं.

डिचोलकर:
ताई संबंध कसा नाही. तो त्यातच गेला, १० नंबरची जर्सी क्लबने निवृत्त केली त्याच्यासाठी. आणि त्याच मोसमात पोरांनी पहिली लीग जिंकली, स्पोर्टिंगला मागे टाकून. आमच्यासाठी ती लीग ज्युनियरचीच आहे.

ईस्ट स्टँड:
_/\_

म्हापशेकर:
देव बरें करूं ताई. हे वाचून काम सुचेना.

दुबईचा पेडणेकर:
सगळे रडताय पण धेंपो परत आलेत हे कोणीच का लिहीत नाही? समीर नाईक कोच, २०२३-२४ ला दुसऱ्या फळीतून वर चढले आणि २०२४-२५ ला आय-लीग खेळले. मी इथून मोबाईलवर बघितल्या मॅचेस. बहुतेक पोरं गोव्याची. खेळ कच्चा आहे, शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय जड होतात, पण चेंडू जमिनीवर ठेवून खेळतात आपल्या पद्धतीने. मला तरी छाती भरून आली

ट्रकवाला नाना:
हे मला माहीतच नव्हतं. समीर कोच? कुठे खेळतात आता, फातोर्डाच?

दुबईचा पेडणेकर:
फातोर्ड्याला पण झाल्यात नाना. पुढचा मोसम लागला की मी वेळापत्रक टाकतो इथे.

ईस्ट स्टँड:
तरी मी २०१४ वर ठाम आहे हां. तिसवाडीकरांचं २०१६ हे २०१४ चंच पुढचं पान आहे. एफसी गोवा २०१५ ला फायनल हरलं ना फातोर्ड्यावर, २-१ पुढे असताना शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन ३-२, त्या रात्री अख्खं मडगाव रडलं. त्याच वर्षी मे महिन्यात धेंपो खाली गेले तेव्हा कोण रडलं सांगा बघू.

तिसवाडीकर:
मी रडलो.

वास्कोची माया:
आमच्या घरी पप्पा, आणि ते साळगावकरवाले असून.

म्हापशेकर:
मॅचनंतरचं ते रस ऑम्लेट आठवतंय का कोणाला, स्टेडियमच्या बाहेर गाड्यावर, पाव बुडवून? तो गाडा अजून लागतो का?

ईस्ट स्टँड:
लागतो, पण फक्त आयएसएलच्या दिवशी.

म्हापशेकर:
मग नाना आपण येताना घरूनच पाव बांधून आणू, धेंपोच्या मॅचला.