चर्चा: अचूक टूलच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) डायमध्ये (धातू ज्यातून दाबून काढतात तो साचा) धरावा की मिलिंगवर (नंतर कटरनं माल काढण्यावर) सोडावा?

धागाकर्ता: ४० मिमी रुंद गाईड-रेलच्या ड्रॉइंगवर सरसकट ±०.०५ मिमी लिहायची पद्धत बंद व्हायला हवी. ६०६३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं प्रोफाइल प्रेसमधून ५२० अंशांच्या आसपास बाहेर पडतं आणि गार होताना रुंदीत जवळपास अर्धा मिमी आक्रसतं. ती सूट डायमध्ये देता येते. पण स्ट्रेचिंग, म्हणजे गार प्रोफाइल सरळ करायला दोन्ही टोकांनी ताणणं? १ टक्का ताणलं की रुंदी अर्धा टक्का, म्हणजे ०.२ मिमी घटते. अर्धा टक्का ताणलं तर ०.१. एवढ्या फरकातच अख्खा टॉलरन्स संपतो. गाईड-फेसवर (ज्यावर टूल सरकतं तो पृष्ठभाग) ०.५ मिमी जादा माल ठेवा आणि मिलिंग करा.

डायवाला: साफ असहमत. हा दोष प्रोसेसचा नाही, स्ट्रेचर नजरेनं चालवण्याचा आहे. २० मीटरला ०.७ टक्के म्हणजे १४० मिमी. पकड सोडल्यावर उरलेली वाढ टेपनं मोजा. त्यात २० मिमी इकडेतिकडे झालं तरी रुंदीत फरक पडतो जेमतेम ०.०२. उलट एकाच बाजूनं माल काढला की आतला ताण मोकळा होतो आणि लांब रेल वाकते. मग मिलिंगनं कमावलं काय?

धागाकर्ता: रुंदीचं मान्य. पण स्लॉटचं, म्हणजे रेलमधल्या लांब खाचेचं, तोंड? स्लॉट घडवणारी डायची जीभ एकाच टोकाला धरलेली असते, दाबाखाली ती लवते. शेजारी २ आणि ५ मिमीच्या भिंती असल्या तर त्या वेगवेगळ्या वेगानं गार होतात आणि तोंड उघडतं किंवा मिटतं. बेअरिंगची (डायच्या तोंडाशी धातू घासत जातो त्या पट्टीची) लांबी बदलून धातूचा वेग जुळवता येतो, पण हे लवणं थांबत नाही.

डायवाला: मग तोंडावर १ मिमीचा पडदा ठेवून पोकळ सेक्शन काढा आणि नंतर तो कापा.

धागाकर्ता: त्यासाठी पोर्टहोल डाय (धातूचे प्रवाह वेगळे करून आत पुन्हा जोडणारा) लागेल, वेल्डची रेघ येईल आणि पडदा कापताच तोंड पुन्हा हलेल. तिथे मिलिंग टळत नाहीच.

तपासणीवाला: दोघंही माप कधी घेताय ते सांगत नाही. एजिंग (कडकपणासाठी भट्टीत तापवून ठेवणं) झाल्यावर, माल २० अंशांवर आला की घ्या; ३० अंशांवर २०० मिमीचं माप ०.०४७ नं मोठं दिसतं. ॲनोडायझिंगचा (विजेनं चढवलेल्या ऑक्साइडचा) २० मायक्रॉनचा थर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे स्लॉट दोन्ही भिंती मिळून साधारण १३ ते २० मायक्रॉननं अरुंद होतो. ड्रॉइंगवर आधी ईएन १२०२०-२ हे युरोपीय मानक लिहा. ६०६० आणि ६०६३ च्या अचूक प्रोफाइलसाठीच ते आहे. त्याहून घट्ट फक्त जोडणीची दोन-तीन मापं ठेवा.

धागाकर्ता: हे पटलं. वाकण्यावर उपाय आहे: दोन्ही बाजूंनी आलटून पालटून रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) करा, मग क्लॅम्प सैल करून रेलला हवं तसं बसू द्या, हलकेच पुन्हा पकडा आणि शेवटचा पास ०.२ मिमीचा घ्या.

डायवाला: गाईड-फेसपुरतं चालेल. बाहेरची रुंदी मात्र मी डायवरच धरणार.