विमा, हमी आणि साहाय्य : सरकारी आरोग्य योजनांचे शब्द

मुद्रितशोधक, सदाशिव पेठ

वस्त्यांमध्ये वाटायच्या एका माहितीपत्रकाची मुद्रितं तपासतोय. त्यात ईएसआय (पगारदार कामगारांची योजना), राज्य सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना या तिन्हींना सरसकट ‘सार्वजनिक आरोग्यविमा’ म्हटलंय. यातल्या खरोखर विमा किती? शिवाय ‘एम्पॅनल्ड’, ‘रीइम्बर्समेंट’ आणि ‘कव्हर’ यांना चालतील असे शब्द हवेत. ‘आरोग्यविमा’ जोडून लिहायचा हे माहीत आहे, ते कृपया सांगू नये.

फारसीप्रेमी

‘बीमा’ फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भय. मराठीने ‘ब’चा ‘व’ केला. ‘हप्ता’ही तिकडचाच, ‘हफ्त’ म्हणजे सात. आपल्या ‘सप्त’चा तो चुलतभाऊ. सात दिवसांचा तो हप्ता, आणि पुढे दर हप्त्याला भरायची रक्कमही हप्ताच. आता वर्षातून एकदा भरली तरी हप्ता, आणि टपरीवाल्याकडून कुणी दमात घेऊन वसूल केली तरी हप्ताच. विमा हा ‘उतरवायचा’ किंवा ‘काढायचा’. म्हणजे उतरवणारा कोणीतरी असतो आणि तो हप्ता भरतो. तुमच्या यादीला ही कसोटी लावून बघा.

वेतनपत्रक, भोसरी

या कसोटीला ईएसआय स्वच्छ उतरते. कायदा १९४८चा, योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. तिचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४च्या अहवालातला. महाराष्ट्रातलं नाव ‘राज्य कामगार विमा योजना’. पत्रकात ‘कर्मचारी राज्य बीमा’ छापलं असेल तर ते हिंदी नाव जसंच्या तसं उचललेलं आहे.

पैसे दोघे भरतात. पगाराच्या ०.७५ टक्के कामगार, ३.२५ टक्के मालक. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू. याला हप्ता म्हणत नाहीत. कागदावर ‘अंशदान’, कारखान्यात ‘ईएसआय कापली’. सामान्य वाचकासाठी मी ‘वर्गणी’ लिहीन.

पण पत्रकात हमखास चुकतं ते ‘अंशदान कालावधी’ आणि ‘लाभ कालावधी’ यांच्यात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला आजारपणाचा भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. वर्गणीच्या त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. ठेकेदार बदलला आणि मध्ये खाडे पडले की ७८ भरत नाहीत. कामगार म्हणतो, ‘पैसे तर कापले की!’ कापलेले असतातच, दिवस कमी पडलेले असतात. म्हणून ‘वर्गणीचे सहा महिने’ आणि ‘भत्त्याचे सहा महिने’ असं लिहा आणि महिन्यांची नावं द्या.

जर्मनभाषक, औंध

थोडं अवांतर. सरकारी आजारविम्याचा पहिला मोठा कायदा जर्मनीत १८८३ साली झाला, बिस्मार्कच्या काळात. दोन भाग वर्गणी कामगाराची, एक भाग मालकाची. कायद्याच्या नावात ‘विमा’ आहे, पण लोक आजही ‘क्रांकेनकासं’ म्हणतात. ‘कासं’ म्हणजे पैशांची पेटी. गावोगावच्या स्थानिक पेट्यांना ‘ओर्ट्सक्रांकेनकासं’, म्हणजे गावची आजारपेटी. एकानं आजारी पडायचं आणि सगळ्यांच्या पेटीतून भागवायचं, ही कल्पना भिशी माहीत असलेल्या माणसाला समजवावी लागत नाही. ‘विमा’त ती दिसतच नाही.

बिलखिडकी

आता फुले योजना. इथे शब्दानं दोनदा कूस बदललीय. १९९७ साली ‘जीवनदायी योजना’ आली, तेव्हा ते निव्वळ अर्थसाहाय्य होतं. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तो विमा होता, फक्त कुटुंबामागे ३३३ रुपयांचा हप्ता राज्य सरकार विमा कंपनीला भरत होतं. पुण्यात ती पोचली २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, बाकी राज्याबरोबर. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली तेव्हा पहिले दीड लाख विमा कंपनीकडून आणि त्यावरचे पाच लाखांपर्यंत सरकारकडून ‘हमी’वर, अशी वाटणी झाली. चालवणाऱ्या संस्थेचं नावच ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ आहे. हमी म्हणजे मधे कंपनी नाही, दवाखान्याचं बिल सरकार थेट चुकतं करणार.

(‘हमी’ला इंग्रजीत ‘अ‍ॅश्युअरन्स’ म्हणतात, पण आयुर्विम्याच्या धंद्यातलं ‘अ‍ॅश्युअरन्स’ वेगळं. ते इथे आणू नका, गोंधळ वाढेल.)

पत्रकात ‘विमा’ लिहिलंत की माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘हप्ता किती?’ आणि कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला तो हप्ता समजून देऊन बसतो. लाभार्थ्यानं काहीही भरायचं नसतं. ‘कव्हर’ला ‘संरक्षण’ चालेल, पण त्याहून ‘प्रति कुटुंब’ हा शब्द सांभाळा. वाचणारा ‘प्रत्येकी’ वाचतो. सरळ लिहा : ‘घरातल्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत’.

‘एम्पॅनल्ड’ला सरकारी शब्द ‘अंगीकृत’. चांगला आहे, पण मुद्रितात त्याचा ‘अधिकृत’ होतो. परवाना असलेलं प्रत्येक रुग्णालय अधिकृतच असतं. अंगीकृत म्हणजे योजनेशी करार केलेलं. तोही विशेषज्ञ शाखेनुसार. हृदयासाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय हाडांसाठी असेलच असं नाही. म्हणून ‘या आजारासाठी योजनेत असलेलं रुग्णालय’.

मुद्रितशोधक, सदाशिव पेठ

‘अधिकृत’ दोन ठिकाणी सापडला. दुरुस्त केला. ‘रीइम्बर्समेंट’ला पत्रकात ‘परतावा’ आहे.

बिलखिडकी

‘परतावा’ गुंतवणुकीवर मिळतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बिलाला ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात, आधी भरा आणि मग मागा. फुले योजनेत तो शब्दच काढून टाका. तिथे पूर्वपरवानगी आधी, उपचार नंतर. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या माणसाकडे) नोंद, मग रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी मिळते, कागद नंतर दिले तरी चालतात. रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर इथेच अडतं. स्वतः पैसे भरून नंतर पावती घेऊन येणाऱ्याला योजनेतून ते मिळत नाहीत, आणि ‘परतावा’ वाचून लोक तेच करतात. तक्रारीचा क्रमांक १५५३८८ मोठ्या टाइपात द्या.

पेठेतला कारकून

शहरी गरीब योजनेला विमा म्हणणं चूकच. कंपनी नाही, हप्ता नाही, महापालिकेच्या अंदाजपत्रकातली तरतूद आहे. ते साहाय्य. (आणि ‘सहाय्य’ नको. ‘सहाय’ म्हणजे मदतनीस, ‘साहाय्य’ म्हणजे मदत. फलकांवर काहीही असो.)

‘निम्मा खर्च’ हे शब्दही अर्धवट आहेत. निम्मा, पण एका मर्यादेपर्यंत. बहुतेक आजारांना वर्षाला १ लाख. मान्य बिल ८०,००० असेल तर ४०,००० पालिकेचे. २,६०,००० असेल तर निम्मे होतात १,३०,०००, पण पालिका देणार १ लाख. घरच्यांनी उभे करायचे १,६०,०००. ‘निम्मा’ वाचून ते १,३०,००० जमवून बसलेले असतात. असं एक उदाहरण छापा, व्याख्येपेक्षा ते लवकर कळतं.

पालिकेच्या कर्मचाऱ्यांची ‘अंशदायी’ योजना निराळी. तिथे पगारातून कपात होते, म्हणून ‘अंशदायी’ शब्द अगदी नेमका. दोन्हींचे रकाने शेजारी शेजारी ठेवू नका.

मुद्रितशोधक, सदाशिव पेठ

शेवटची शंका. धर्मादाय रुग्णालयांच्या चौकटीत ‘गरीब रुग्णांना २० टक्के सवलत’ असं आहे.

पेठेतला कारकून

अरे देवा. २० टक्के खाटा, सवलत नव्हे. १० टक्के खाटा ‘निर्धन’ रुग्णांना मोफत, १० टक्के ‘दुर्बल घटकां’ना सवलतीच्या दरात. दोघांची उत्पन्नमर्यादा वेगळी, म्हणून ‘गरीब’ हा तिसरा शब्द घालू नका. रुग्णालयानं बिलांच्या २ टक्के रक्कम बाजूला काढायची, तिला ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणतात. हाही विमा नाही.

मुद्रितशोधक, सदाशिव पेठ

मग मथळा बदलतो : ‘दवाखान्याचा खर्च कोण देतं?’ खाली चार रकाने. ईएसआय : तुमची आणि मालकाची वर्गणी. फुले योजना : सरकार, तुम्ही काही भरायचं नाही. शहरी गरीब : निम्मं महापालिका, मर्यादेपर्यंत. धर्मादाय : रुग्णालयाचा निधी. ‘विमा’ हा शब्द फक्त पहिल्या रकान्यात राहिला.

वेतनपत्रक, भोसरी

७८ दिवसांची ओळ विसरू नका.