मदत हवी आहे: मारुती ८०० चं हेड वीस थाऊ फेस मारलंय, तसंच बसवू का?

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, मूळ काकांची. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट चढताना रेडिएटरचा होज फुटला. टेम्परेचरचा काटा दिसेपर्यंत उशीर झाला होता. हेड गॅस्केट गेलं, तेलात पाणी उतरलं, डिपस्टिकला चहाच्या रंगाचा फेस. हेड (इंजिनचं वरचं झाकण) उघडून पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पाती) लावलं तर मधोमध ०.२० मिमीचं पातं आरामात जात होतं. मॅन्युअलमध्ये बाकाची मर्यादा ०.०५ ची.

लेथवर फेस मारायला (तळ सपाट कापायला) दिलं. परत घेताना विचारलं किती काढलं, तर म्हणाला, "वीस थाऊ." म्हणजे इंचाचे वीस हजारांश, अर्धा मिमी! ०.२० च्या बाकासाठी इतकं कशाला, हे विचारायचं राहिलं. मिस्त्री मात्र खूश: "कॉम्प्रेशन वाढलं, आता पिकअप बघा, अ‍ॅव्हरेजपण देईल." मला नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या खडखडीची) भीती वाटतेय. अर्धा मिमी गेलं म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) अर्ध्याने वाढला का? हेड अजून टेबलावरच आहे.

प्रतिसाद १

नाही हो, मिमीचा आणि रेशोचा असा थेट हिशोब नसतो. तुमचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. एका सिलिंडरचं माप २६५.३ सीसी, तिन्ही मिळून ७९६. कंपनीचा रेशो ८.७, म्हणजे पिस्टन पार वर आल्यावर उरणारी जागा २६५.३ भागिले ७.७ (रेशोतून एक वजा), साधारण ३४.५ सीसी. ह्यात चेंबर (हेडमधला पेट्रोल पेटायचा खळगा) आलं, गॅस्केटची जाडी आली, पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा आला.

आता अर्धा मिमी. चेंबर पूर्ण बोअरएवढं रुंद असतं तर १.८ सीसी गेले असते. पण ते त्याहून अरुंद असतं, बाजूची सपाट कड गॅस्केटच्याच पातळीत असते. पाऊण भाग धरा, १.३ ते १.४ सीसी. उरले ३३.१. रेशो झाला ९.०, फार तर ९.१. तेवढ्याने इंजिन फुटत नाही, तसं पिकअपही येत नाही. ८.७ चा ९.० झाल्याने कार्यक्षमता कागदावर जेमतेम एक टक्का वाढते. मिस्त्रींना तो टक्का जाणवत असेल तर त्यांना दंडवत.

प्रतिसाद २

आकडे बरोबर आहेत, पण दोन गोष्टी राहिल्या. हेड खाली आलं की कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) अर्धा मिमी जवळ येतो. दोघांना जोडणाऱ्या बेल्टची ढील टेन्शनर खातो, पण कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं, एखाद अंश. चालवताना कळणारही नाही, तरी बेल्ट बसवताना खुणा नीट जुळवा. दुसरं, गॅस्केट ओरिजिनल जाडीचंच घ्या. रेशो उतरवायला दोन गॅस्केट एकावर एक ठेवणारे महाभाग पाहिलेत; पुढच्या घाटात पुन्हा तोच चहा.

आणि दादा, ०.२० च्या बाकाला वीस थाऊ का लागले, तो खरा प्रश्न आहे. हेड तिरकं धरून कापलं असेल तर एका टोकाला जास्त जातं. व्हर्नियरने चारही कोपऱ्यांची उंची मोजा. मग चेंबर मोजा: व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, हेड पालथं ठेवून लेव्हल करा, कडेला ग्रीस लावून वर अ‍ॅक्रिलिकची पट्टी चिकटवा. पट्टीला छोटं भोक पाडून दहा एमएलच्या सिरिंजने रॉकेल भरा. मेडिकलात वीस रुपयांत काम.

धागाकर्ता

मोजलं. रॉकेल मिळेना म्हणून डिझेल वापरलं, घरभर वास आणि आईची बोलणी. पहिलं आणि दुसरं चेंबर जवळपास सारखं. तिसऱ्यात ०.४ सीसी जास्त मावतंय, दोनदा भरून बघितलं. उंचीही त्या बाजूला ०.१५ मिमीने जास्त. म्हणजे तिरकंच कापलंय ना?

प्रतिसाद २

हो, तिरकंच. ०.४ सीसीने रेशोत ०.१ चाच फरक पडतो, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच लेथवर परत नेऊ नका, सरळ करण्याच्या नादात आणखी वीस थाऊ उडवेल. पट्टी आणि गेज पुन्हा लावा, तिरकसपण चालेल, बाक नको. ०.०५ च्या आत असेल तर बसवा. बोल्ट मधून बाहेर, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने), टप्प्याटप्प्याने.

प्रतिसाद १

सहमत. पहिले दोनशे किलोमीटर घाट टाळा. थर्ड गिअरला चढावर खडखड आली तर आधी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या, लगेच महागड्या पेट्रोलकडे पळू नका. बरेच मिस्त्री टायमिंग कानाने लावतात, दोष मात्र हेडला देतात.

धागाकर्ता

गेज लावलं, ०.०४ चं पातं कुठेच जात नाही. रविवारी बसवतो. टॉर्क रेंच भाड्याने कुठे मिळेल, चिपळूणच्या आसपास?