जन्माआधीच बाप्तिस्मा?

प्रश्न: आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतल्या कॅथलिक चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा १२ मार्च १८७१, सरकारी नोंदीत जन्म २ एप्रिल. हे कसं?

उत्तर १: बाप्तिस्म्याची तारीख धरा. बाळाला काही दिवसांतच चर्चमध्ये न्यायचे. १८६४ पासून सक्तीची झालेली सरकारी नोंद मात्र सवडीने. मुदत टळली की दंड, म्हणून जन्मतारीख बिनदिक्कत पुढे सरकवायचे. असं सर्रास दिसतं.

उत्तर २: थांबा, मूल तेच आहे ना? आजोबांचं नाव चार चुलत भावंडांना असायचं. आईचं माहेरचं आडनाव आणि टाउनलँड (तिकडचा जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) दोन्हीकडे जुळवा. शिवाय नोंदवहीवरून नंतर उतरवलेल्या सूचीवर विसंबू नका. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मूळ पान फुकट दिसतं. वरच्या-खालच्या नोंदींच्या तारखा क्रमाने आहेत का पाहा. पुसट शाईत महिना चुकीचा वाचला जातो.

उत्तर ३: बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारचा समासही बघा. १९०८ नंतर पाद्री तिथे त्या व्यक्तीच्या लग्नाची नोंद करत. सापडली तर माणूस पक्का.