ग्रीनकार्डची फाईल: लग्न कागदावर सिद्ध करतानाचे तुमचे अनुभव लिहा

चाफा
काल इचलकरंजीहून भाचीचा फोन आला. "आत्या, पुढच्या महिन्यात मुंबईला इंटरव्ह्यू आहे, फोटो कसले कसले नेऊ?" फोन ठेवला आणि कपाटाच्या तळातून निळी फाईल काढली. कित्येक वर्षांत उघडली नव्हती. स्वयंपाक तसाच राहिला, खाली बसून वाचतच बसले.

लग्न मे २००९, कोल्हापूर. नवरा लहानपणापासून ओहायोत वाढलेला, अमेरिकेचा सिटिझन. तीन आठवड्यांनी तो परत गेला, आय-१३० (बायकोला बोलावण्याचा अर्ज) भरला आणि मी अकरा महिने माहेरी. मंडईत भेटणारी प्रत्येक बाई विचारायची, "अजून इथंच?" आई त्या वर्षी मंडईत जायचीच बंद झाली, वडील भाजी आणायचे.

फाईलमध्ये सगळ्यात वर फोनची बिलं. नातं खरं आहे याचा पुरावा म्हणून त्यानं सगळ्या महिन्यांची छापून पाठवली होती. रोज आपल्याकडच्या सकाळी साडेसातला, चाळीस मिनिटं, पन्नास मिनिटं. मध्येच १९ ऑगस्ट, एक मिनिट. त्या दिवशी मी रागानं फोन ठेवला होता. पुढचे चार दिवस एकही ओळ नाही. मग २४ तारखेला दोन तास अकरा मिनिटं. काल त्या ओळीवर बोट ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्यालाही तारीख आठवत होती.

इंटरव्ह्यू एप्रिल २०१० मध्ये, ब्रीच कँडीच्या अमेरिकन वकिलातीत. अल्बम काचेखालून आत सरकवला. पलीकडच्या बाईंनी दहा-बारा पानं उलटली आणि विचारलं, "यात नवरी एकदाही हसत का नाही?" मी म्हटलं, होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि समोर आई रडत होती, मी हसणार कशी? त्यांनी अल्बम मिटून परत दिला. व्हिसा झाला. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती म्हणून कार्ड दोनच वर्षांचं, आणि पुढे ती दोन वर्षांची अट काढायच्या अर्जासाठी, आय-७५१ साठी, तेच सगळं परत.

तुमचेही लिहा. भाचीला वाचून दाखवणार आहे.

मुंगळा
ब्रीच कँडी! लिंकन हाऊसच्या बाहेर पहाटे उभं राहायचं, समोरून समुद्राचा वारा. २०११ च्या नोव्हेंबरपासून सगळं बीकेसीला गेलं. आता लिहिण्यासारखं बरंच आहे पण मुलाला पोहायला न्यायचंय, रात्री लिहितो.

एडिसनची काकू
चाफा, आमच्या वेळचं सांगते. १९९४ ला लग्न, नाशिक. ह्यांच्याकडे ग्रीनकार्ड, सिटिझनशिप नाही. म्हणजे एफ-२-ए, ग्रीनकार्डवाल्यांच्या बायकामुलांचा कोटा, म्हणजे रांग. रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघायचं आणि हे फोनवर तारीख सांगायचे. कधी तीन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवायची, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली. टुरिस्ट व्हिसा दोनदा मागितला, दोनदा नाकारला. नवरा तिथं, अर्ज चालू, ही परत येणार नाही असं त्यांना वाटणारच.

१९९६ ला मुलगी झाली. हे वर्षातून एकदा तीन आठवडे यायचे. १९९९ ला सिटिझन झाले आणि माझी रांगच संपली, कारण सिटिझनच्या बायकोला कोटा नसतो. पण एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. एफ-२-ए मध्ये मुलगी माझ्याच अर्जावर होती. नवरा सिटिझन झाल्याबरोबर तिचा अर्ज वेगळा लागतो. माझे कागद तयार आणि चार वर्षांची पोर अडकलेली. तिच्यासाठी आणखी पाच महिने थांबले. ज्यांना मुलं आहेत त्यांनी हे आधी बघा!

नेवार्कला उतरलो. हे हार घेऊन उभे. लेकीनं गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" तिच्या हिशेबानं बाबा म्हणजे तीन आठवड्यांनी जाणारा माणूस. ह्यांनी गाडी चालू केली नाही बराच वेळ.

वारणाकाठ
काकू 🙏 डोळ्यात पाणी आलं. बसमध्ये आहे.

माझं नावांचं रामायण. गावच्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नुसतं "स्त्री" लिहिलेलं, नावाचा रकाना कोरा. त्या काळी बारसं व्हायच्या आधीच नोंद करायचे. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नाच्या दाखल्यावर मधलं नाव नवऱ्याचं, आणि सासूबाईंनी तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव चौथंच. ते कुठल्या कागदावर नाही हे नशीब.

नाव घालून नवा दाखला मिळेपर्यंत ग्रामसेवकांकडे सात खेपा. वडील जायचे एसटीनं. शिवाय माझा जन्म प्रत्यक्ष माहीत असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, थोरली आत्या आणि मामा. आत्यानं त्यात जन्माच्या दिवशी पाऊस किती होता तेही लिहवून घेतलं. वकिलाच्या ऑफिसातून ईमेल, की तुमच्या नवऱ्याचं पहिलं नाव आणि तुमचं मधलं नाव एकच कसं, टायपिंगची चूक आहे का. मराठी बाईचं नाव लग्नानंतर कसं लिहितात यावर एक पानभर निबंध लिहून पाठवला. तो त्यांनी अर्जाला जोडला!

अंजिरी
@वारणाकाठ माझ्या आईचंही तसंच, तांदळातलं नाव फक्त मंगळागौरीच्या उखाण्यापुरतं. तुमचं काय ठेवलं होतं?

वारणाकाठ
@अंजिरी ते घरातलं राहू दे 🙂 सासूबाई अजून त्याच नावानं हाक मारतात आणि मला आवडतं.

दहिवर
आमचं लग्नामुळेच सुटलं पण वेगळ्या वाटेनं, म्हणून लिहितो. मी एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीनकार्डसाठी ईबी-२ या नोकरीच्या रांगेत, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१२. एका देशाला वर्षाला सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब हे सगळ्यांना माहीतच आहे. बायको एच-४ वर, म्हणजे माझ्या व्हिसावर अवलंबून. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, आणि २०१५ च्या मे महिन्यात एच-४ वाल्यांना वर्क परमिट सुरू होईपर्यंत घरात. त्या वर्षांत तिनं किती लोणची घातली त्याची गणती नाही. वाटत राहायची सगळ्यांना.

रांगेसाठी देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. बायकोचा जन्म मस्कतचा! सासरे तिथं कामाला होते. हे कळलं २०१८ ला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, एका ओळखीच्यांशी बोलताना. सहा वर्षं आमची फाईल हाताळणाऱ्या वकिलांनी बायकोचं जन्मस्थान दर वेळी अर्जात लिहिलं होतं, पण एकदाही हे बोलून दाखवलं नाही. त्याचा राग मला आजही आहे. त्याच वर्षी अर्ज भरला, पुढच्या वर्षी कार्डं हातात.

आखातात, नैरोबीत, सिंगापुरात जन्मलेल्या मराठी मुलामुलींशी लग्न झालेल्यांनो, आजच बायकोचा, नवऱ्याचा जन्मदाखला बघा.

मुंगळा
आलो. पोहणं झालं. माझं मेडिकलचं. लहानपणी टीबीची लस, बीसीजी, टोचलेली असते ना आपल्याला, त्यामुळे टीबीची त्वचेवरची टेस्ट केली की हात टम्म फुगायचा. डॉक्टर घाबरले, मी घाबरलो, मग छातीचा एक्स-रे, काही नाही. आता त्याऐवजी रक्ताची टेस्ट करतात, तिला बीसीजीनं फरक पडत नाही. लसींची जुनी पुस्तिका असेल तर मात्र नक्की जोडा. आईनं माझी पिवळी पडलेली पुस्तिका ट्रंकेतून काढून दिली, त्यामुळे दोन सुया वाचल्या.

कडीपत्ता
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

मी इथं शिकायला आले, इथंच लग्न झालं, नवरा सिटिझन. त्यामुळे सगळे अर्ज इथूनच, आय-१३०, आय-४८५ (इथं राहूनच ग्रीनकार्ड मागण्याचा), कामाचा परवाना आणि प्रवासाचा परवाना, ज्याला ॲडव्हान्स पॅरोल म्हणतात. तो परवाना हातात यायच्या आधी देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. २०२२ मध्ये माझा परवाना सात महिने झाले तरी आला नव्हता आणि मिरजेहून भावाचा फोन आला, बाबा आयसीयूत आहेत.

तातडीचा परवाना मिळतो. त्यासाठी फोन करायचा, दवाखान्याचं पत्र लागतं, मग जवळच्या ऑफिसची अपॉइंटमेंट. फोनवर पहिल्यांदा माणूस भेटायला चार तास गेले. त्यांनी सांगितलं, पत्रावर डॉक्टरांची सही हवी. भाऊ रात्री अकराला रेसिडेंट डॉक्टर शोधत मजल्यामजल्यावर फिरला. पत्र आलं. अपॉइंटमेंट मिळाली गुरुवारची. बाबा बुधवारी गेले.

नवरा म्हणाला, जा तू, सगळं सोडून जा, आपण परत भरू. मी बॅग काढली. आईनंच फोनवर सांगितलं, "आता येऊन त्यांना काय कळणार आहे बाळा, कागद घे आणि मग ये." भावानं फोन तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला होता. मला अंगणातली माणसांची पावलं दिसत होती, बाबांच्या चपला दाराशी तशाच. कुणीतरी ओलांडून जाताना फोन पडला आणि मग नुसतं आकाश दिसत राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही हाक मारली नाही.

गुरुवारी परवाना मिळाला. दहाव्याला पोचले.

चाफा
कडीपत्ता, अगं... काय लिहू. जवळ असतीस तर येऊन बसले असते तुझ्यापाशी.

एडिसनची काकू
बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि जर्सीत आलीस तर माझ्याकडेच उतरायचं.

वारणाकाठ
🙏🙏

रानमेवा
दोन वर्षांच्या कार्डाबद्दल चाफानं लिहिलंय म्हणून. आय-७५१ वर दोघांची सही लागते. माझा पहिला नवरा रोज तेच ऐकवायचा, "माझ्या सहीशिवाय तुझं काही होणार नाही." मी खरं मानलं. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बँकेत माझं नाव नाही, आईला फोन करायचा तर तो शेजारी बसलेला.

खरं नसतं ते. घटस्फोट झाला असेल किंवा घरात मारहाण, छळ होत असेल तर एकटीनं आय-७५१ भरता येतो, नवऱ्याच्या सहीची सूट मागून. त्यासाठी कार्ड संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांच्या मुदतीची वाट बघावी लागत नाही. कार्डच झालं नसेल आणि नवरा सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला असेल तर १९९४ च्या कायद्याखाली बाई स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकते, आय-३६०, आणि त्याला कळवत नाहीत. न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते, कॅलिफोर्नियात मैत्री आहे. मला हे ग्रंथालयातल्या एका बाईंनी सांगितलं. लेकीला गोष्टीची पुस्तकं आणायला म्हणून जायचे तेवढंच बाहेर पडणं होतं.

चाफाताई, भाचीला सगळं वाचून दाखवा, पण हे आधी. पासपोर्टची एक प्रत आईकडे ठेव म्हणावं.

चाफा
वाचून दाखवलं, रानमेवा. लगेच. ती गप्प झाली, मग म्हणाली प्रत ठेवते.

गवती चहा
आमचं लग्न २०१४ चं. सिटिझनच्या समलिंगी जोडीदारासाठी हे दार २०१३ च्या जूनमधल्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उघडलं. पुरावे भरपूर होते, भाड्याचा करार, विमा, दोघांचं बँक खातं. फोटोत मात्र माझ्या घरचं कुणीच नाही. वकिलीणबाई म्हणाल्या, घरच्यांपैकी एकाचं पत्र मिळालं तर बरं.

आई तेव्हा माझ्याशी हवापाण्यापुरतंच बोलायची. तरी मागितलं. सव्वा महिन्यानं पाकीट आलं, फुलस्केप कागद, तिचं शाळामास्तरणीचं अक्षर. "माझा मुलगा व त्याचे" असं लिहून पुढे एक शब्द खोडलेला, मग आणखी एक खोडलेला, दुसऱ्यात "मित्र" ओळखू येत होतं. आणि नंतर, "माझे जावई". भाषांतर मीच करत होतो. मग आठवलं की भाषांतर दुसऱ्या कुणी करून सही केलेली बरी, म्हणून इथल्या एका मराठी मैत्रिणीला दिलं. तिनं विचारलं, खोडलेले शब्दही लिहू का? मी लिही म्हटलं.

अंजिरी
गवती चहा ❤️ आई आता कशा आहेत?

गवती चहा
छान. दर दिवाळीला जावयासाठी कडक बुंदीचे लाडू येतात. त्याचे दात पडतील एक दिवस.

मुंगळा
लाडू हातातल्या बॅगेत आणता की चेक-इन? आमच्या चकल्यांचा दर वेळी भुगा होतो.

गवती चहा
डब्यात मुरमुरे भरायचे वरून. हलत नाहीत.

दहिवर
@चाफा भाचीला सांगा, बीकेसीला फोन आत नेता येत नाही. बरोबर कुणाला तरी न्यावं आणि बॅग त्याच्याकडे द्यावी. माझ्या मेव्हण्यानं फोन समोरच्या चहावाल्याकडे ठेवला आणि आत पूर्णवेळ त्याचंच टेन्शन.

एडिसनची काकू
आणि काही खाऊन जा म्हणावं.

चाफा
तिच्याबरोबर तिचे बाबा जाणार आहेत. फोटोंचं अजून राहिलंच! साखरपुड्यातले दोन, लग्नातले पाच-सहा, नंतर दोघं महाबळेश्वरला गेले होते ते. आणि ती विचारतेय लग्नपत्रिका मराठीत आहे, चालेल का.

वारणाकाठ
चालेल, भाषांतर जोडा. खाली सही, तारीख आणि "भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात" एवढी ओळ. पत्रिकेवरचं तिचं नाव आणि पासपोर्टवरचं एकच आहे ना ते आधी बघा मात्र.

चाफा
थांबा, विचारते.

चाफा
नाही 🙁 पत्रिकेवर घरातलं लाडाचं नाव आहे.

वारणाकाठ
मग पत्रिका नेऊ दे पण वर लग्नाचा दाखला ठेवा. माझा तो एक पानाचा निबंध अजून मेलमध्ये आहे, पाठवते तुम्हाला. स्टॉप आला, उतरते.